एका उपासात दोन तपासण्या

माझ्यात एक खोड आहे आणि इतकी वर्षं मी ती गुण म्हणून मिरवली. एका फेरीत निदान दोन कामं झाली नाहीत तर ती फेरी फुकट गेली असं मला वाटतं. बँकेत जायचं तर वाटेतला शिंपी उरकायचा, शिंप्याकडे जायचं तर चक्कीवरून पीठ आणायचं. नवरा कस्टम्समध्ये, दर तीन-चार वर्षांनी बदली. संसार बांधून-सोडून माणूस असा होतो, अशी माझी समजूत मी घालून घेते. पण खरं सांगायचं तर हा स्वभावच. आई म्हणायची, "हिला देवळात पाठवलं तर येताना कोथिंबीर घेऊनच येईल." मग? देवळाबाहेर कोथिंबीर चांगली मिळायची.

सध्या आम्ही कोलकात्यात, खिदिरपूरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये. सासूबाई गेल्यावर सासरे साताऱ्याहून आमच्याकडे आले, त्याला आता दोन वर्षं झाली. मी त्यांना बाबा म्हणते. ते मला सूनबाई म्हणतात, आणि चिडवायचं असेल तेव्हा "सूनबाईसाहेब". शाळेत इतिहास शिकवला जन्मभर. अठ्ठ्याहत्तर वय, बारीक अंगाचे, आणि तोंड असं की शेजारच्या बंगाली बाईंनासुद्धा भाषा न कळता हसू येतं. सासूबाई एकादशी करायच्या तेव्हा हे समोर बसून त्यांची टिंगल करायचे, "एकादशी अन् दुप्पट खाशी!" त्या गेल्या आणि पुढच्याच एकादशीला बाबा म्हणाले, "आज मला खिचडी कर." का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तेव्हापासून एकही एकादशी चुकलेली नाही.

बाबांची एक मागणी मात्र दोन वर्षं पडून होती. त्यांना बागबाजारला जायचं होतं. मराठे चालून येतील या धास्तीनं इथल्या लोकांनी एके काळी शहराभोवती खंदक खणायला घेतला, त्याची सुरुवात तिथून झाली होती म्हणे. "आपल्यासाठी एवढा खड्डा खणला त्यांनी. एकदा बघून यायला नको? बरं दिसतं का?" असं ते दर महिन्याला म्हणायचे. आमच्या जिन्यातले लोक आम्हाला प्रेमानं "बर्गी" म्हणतात, म्हणजे लुटारू मराठे, त्यामुळे हा विषय घरात सारखा निघायचा. माझं उत्तर ठरलेलं. "बाबा, उत्तरेकडे काहीतरी काम निघू दे, मग जाऊच की." खिदिरपूर शहराच्या एका टोकाला आणि बागबाजार दुसऱ्या. नुसता खड्डा बघायला कोण एवढं जाईल? आणि उत्तरेकडे काम काही निघेना.

यंदा बाबांची पाठ दुखायला लागली. वजन उतरलं, हिमोग्लोबिनही कमी आलं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पोटाचा सीटी स्कॅन लिहून दिला, डाय टोचून करतात तो, आणि रक्ताच्या काही तपासण्या. त्यातली एक रक्तातली प्रथिनं वेगवेगळी करून बघायची होती. दवाखान्यातून निघताना त्यांच्या मदतनीस बाईंनी मला तोंडी सांगितलं होतं, "बौदी, रक्त सोमवारी द्या. सीटी बुधवारी." मी मान डोलावली. बौदी म्हणजे वहिनी. इथं सगळ्या जगाची मी वहिनी आहे.

घरी येऊन कॅलेंडर पाहिलं तर बुधवारी एकादशी! माझं डोकं लागलं चालायला. रक्त उपाशीपोटी द्यायचं होतं, सीटीलाही उपाशीच बोलावलं होतं, आणि एकादशीला बाबांचं पोट नाहीतरी रिकामंच असतं. मग दोन दिवस दोनदा म्हाताऱ्या माणसाला उपाशी कशाला ठेवायचं? एका उपासात दोन्ही तपासण्या उरकू. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तुझ्या डोक्याला तोड नाही." लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, म्हणून चांगलं लक्षात आहे.

बुधवारी सकाळी तपासणी केंद्रात गेलो. रक्ताच्या खिडकीसमोर ही रांग, आणि सीटीच्या खोलीबाहेर चिटपाखरू नाही. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "दादूंना आत्ता आत घेता येईल." दादू म्हणजे आजोबा. मी म्हटलं, घ्या. बाबा सकाळी सहापासून चहाच्या नावानं हाका मारत होते, त्यांची तेवढीच लवकर सुटका. डाय म्हणजे काहीतरी लाल-निळं असेल असा माझा समज होता, निघाला पाण्यासारखा. बाबा बाहेर आले ते म्हणत, "टोचल्यावर अंगभर गरम गरम वाटलं गं. थंडीत बरं पडेल." मग रक्त. हातात सुई आहेच तर त्यातूनच घ्या की, असंही मी सुचवलं. रक्त घेणाऱ्या मुलीनं माझ्याकडे असं काही पाहिलं की मी मागं सरकले. तिनं दुसऱ्या हाताला टोचलं. तिथंच बाकावर मी डबा उघडला तर साबुदाण्याची खिचडी बघून तिचा चेहरा कळवळला. इकडे साबुदाणा म्हणजे आजाऱ्याचं खाणं. "दादूंना फार बरं नाही का?" तिनं हिंदीत विचारलं. बाबा तोंडात घास धरून म्हणाले, "बरं नाही म्हणून नाही, बेटी, बायकोसाठी खातोय." त्या पोरीला काय कळलं देव जाणे.

शनिवारी रक्ताचा रिपोर्ट मोबाइलवर आला. एक आलेख होता, डोंगर काढतात मुलं तसा, आणि त्या डोंगरांच्या मध्ये एक सुळका जास्तीचा. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की इथं नको असलेलं प्रथिन दिसतंय, पुढची तपासणी करा. मी मोबाइलवर शोधलं. शोधू नये ते शोधलं. सोमवारी एकटीच डॉक्टरांकडे गेले. सीटी चांगला होता, एक बारका मूतखडा सोडला तर काही नाही. पण रक्ताचा कागद बघून ते थांबले. पाठदुखी, उतरलेलं वजन, कमी हिमोग्लोबिन आणि हा सुळका. ते हळूच म्हणाले, रक्ताचा एका प्रकारचा कॅन्सर असू शकतो, रक्तविकारांच्या डॉक्टरांना दाखवा, कदाचित हाडातला मगज काढून तपासावा लागेल. त्यांची वेळ मिळाली ती पुढच्या मंगळवारची. म्हणजे आठ दिवस.

त्या आठ दिवसांबद्दल काय सांगू. नणंद पुण्याहून फोनवर रडली आणि म्हणाली, "बाबांना यातलं अक्षर कळता कामा नये." आम्ही ठरवलं, सांगायचं नाही. कॅन्सर हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारत नाही. सासूबाईंच्या वेळीसुद्धा शेवटपर्यंत "पोटाचा त्रास" असंच म्हणत होतो. बाबांना सांगितलं, हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून मोठ्या डॉक्टरांना दाखवायचंय. त्यांनी "बरं" म्हटलं आणि पेपर उचलला. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. मला या माणसाचा लळा लागलाय हे मला त्या दिवशी कळलं. तोपर्यंत मी आपली समजत होते की मी कर्तव्य करतेय. सकाळी चहात आलं कमी पडलं की जो ओरडतो, माझ्या भाकऱ्यांना "ब्रिटिश साम्राज्याचा नकाशा" म्हणतो, दुपारी माझा डोळा लागला की रेडिओ बंद करून चवड्यांवर चालतो, तो माणूस नसला तर या क्वार्टरमध्ये मी दिवसभर करू तरी काय?

त्या शनिवारी सकाळी मी म्हटलं, "बाबा, कपडे करा. बागबाजारला जाऊ."

बसनं धर्मतल्ल्याला आणि तिथून मेट्रोनं श्यामबाजारला गेलो, पुढं रिक्षा केली. खंदक? कसला खंदक आणि काय. कधीच बुजवला. वर रस्ता, दुकानं, वळचणीला झोपलेली मांजरं. एका गल्लीला मात्र त्याचं नाव आहे, पाटीवर लिहिलेलं. बाबा त्या पाटीखाली छाती काढून उभे राहिले. "काढ फोटो. लिही खाली, शत्रू पोचला." मी फोटो काढला. मग त्यांनी तिथंच, एका औषधाच्या दुकानासमोर, मला तास घेतल्यासारखं सांगितलं की खंदक पुरा झालाच नाही. निम्मा खणला आणि सोडून दिला, कारण बर्गी कोलकात्यात आलेच नाहीत. "बाहेर गावागावांतून लुटालूट केली आपल्या लोकांनी, ते काही भूषण नाही. पण या शहरानं खड्डा खणला तो नुसत्या भीतीनं." दुकानदार ऐकत होता. त्याला मराठी कळत नव्हतं, पण त्यानं स्टूल पुढं केलं.

मग घाटावर गेलो. नदीसमोर पायरीवर बसून मातीच्या भांड्यातला चहा घेतला. बाबा खुशीत होते. अर्धा चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, "आता दुसरं काम कुठं?"

"कुठलं दुसरं?"

"इकडे यायला काय काम काढलंस? भाजी, कापड, कुणाकडे जायचंय?"

"काही नाही. तुम्हाला यायचं होतं म्हणून आलो."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. जिच्याशिवाय मी कधी बाहेर पडत नाही ती कापडी पिशवी मी घरी विसरले होते. विसरले म्हणजे, त्या दिवशी तिचं मनातच आलं नव्हतं. बाबांनी चहाचं भांडं खाली ठेवलं आणि नदीकडे बघत म्हणाले, "अस्सं. म्हणजे मी फार आजारी आहे."

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि रडायलाच लागले, भर घाटावर, आंघोळ करणाऱ्या चार माणसांदेखत. तीन-तीन मोठी माणसं मिळून एक शब्द लपवत होतो आणि एका पिशवीनं सगळं सांगून टाकलं. बाबांनी खिशातला रुमाल काढून दिला. "रड, पण चहा गार करू नकोस," म्हणाले. मग म्हणाले, "तुझ्या सासूला आपण कधीच सांगितलं नाही. तिला कळलं होतं, सूनबाई. मला म्हणाली होती. तेव्हाच मी तिच्याशी मोकळं बोलायला हवं होतं. मी आपला पोटाचा त्रास, पोटाचा त्रास करत बसलो. माझ्याशी तसं करू नका. मंगळवारी मी आत येणार."

मंगळवारी ते आत आले. डॉक्टर माझ्याहून लहान, केस आखूड कापलेल्या बंगाली बाई. त्यांनी बाबांना "मेशोमोशाय", म्हणजे काकासाहेब, म्हणून बसवलं, पाठ दाबून पाहिली, नखं पाहिली, जीभ पाहिली. मग फाइल उघडून त्या आलेखावर बोट ठेवलं आणि भुवया वर केल्या. "हा सुळका ज्या जागी आहे ना, तिथं मला तो पटत नाही," त्या हिंदीत म्हणाल्या. मग सीटीचा कागद घेतला आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. निष्कर्ष तर आधीच्या डॉक्टरांनीही वाचले होते. या बाईंनी वरची बारीक अक्षरातली वेळ वाचली. सीटी नऊ वाजून दहा. रक्त दहा वाजून पाच. तारीख एकच.

"डाय टोचून तासाभरात रक्त घेतलं?"

मग त्यांनी कागदाच्या मागं चित्र काढून आम्हाला समजावलं. प्रथिनं एकेक वेगळी करून मशीन त्यांच्यातून उजेड सोडतं. कोणी किती उजेड गिळला त्यावरून आलेख काढतं. सीटीच्या डायमध्ये आयोडीन असतं, आणि तो डायही तसलाच उजेड गिळतो. रक्तात डाय फिरत असताना नमुना घेतला तर मशीन त्याला प्रथिनच समजतं आणि एक सुळका जास्तीचा काढून देतं. म्हणजे हळदीकुंकवाला आलेल्या बायका मोजाव्यात आणि दारात नुसता कुणाचा निरोप सांगायला आलेलीलाही त्यात धरावं, तसं. म्हणून तर रक्त आधी, सीटी मागून. "असंच झालंय असं मला वाटतं," त्या म्हणाल्या, "पण वाटण्यावर मी कुणाला घरी पाठवत नाही. एव्हाना डाय शरीरातून निघून गेलाय. उद्या पुन्हा रक्त द्या, मी दुसऱ्या पद्धतीनंही बघायला सांगते. मगज नंतर, लागलाच तर." मग फाइल मिटता मिटता विचारलं, "दोन्ही एकाच दिवशी करायचं कुणी ठरवलं?"

ती मदतनीस बाई, सोमवार, बुधवार, सगळं डोळ्यांपुढं आलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि हात दाखवला होता मी, दुसऱ्याचा.

"मी," बाबा म्हणाले. मोडक्या हिंदीत, पण अगदी ठणकावून. "मला भूक सहन होत नाही. मीच मागं लागलो."

डॉक्टर हसल्या. मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं.

बाहेर आल्यावर म्हटलं, "बाबा, खोटं का बोललात?" तर म्हणाले, "खोटं काय त्यात? सहापासून चहा मागत नव्हतो मी? आणि तुला त्या बोलल्या असत्या तर तू तीन दिवस रडली असतीस. मग भाकऱ्या कोण करणार, साम्राज्याच्या?" मी त्यांचा हात धरला. रस्ता ओलांडायचा होता म्हणून धरला, पण पलीकडे गेल्यावर सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त दिलं, फक्त रक्त. त्या दिवशी एकादशी नव्हती, पण मीही सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाही. त्यातून कुणाला काय फायदा झाला ते विचारू नका. पुढचे तीन दिवस जीव टांगणीला. नवरा ऑफिसातून तासातासाला फोन करायचा आणि काहीच न बोलता ठेवायचा. बाबा मात्र नेहमीसारखे पेपर वाचत होते. फक्त एकदा, मी खोलीत गेले तर सासूबाईंचा फोटो पुसत बसलेले दिसले, आणि मी आवाज न करता मागं फिरले.

शनिवारी रिपोर्ट आला. डोंगर होते ते होते. मधला सुळका नाही. दुसऱ्या पद्धतीतही काही नाही. डॉक्टरांचा निरोप होता, घाबरायचं कारण नाही, बी बारा फार कमी आहे, इंजेक्शनं घ्यायची, आणि पाठ वयाची आहे. मी मोबाइल धरून धावतच गॅलरीत गेले आणि बाबांना तो आलेख दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून नीट पाहिला. बोटानं ती रिकामी जागा चाचपली. म्हणाले, "बघ. बर्गी आलेच नाहीत." आणि मग इतका वेळ धीर धरलेला तो माणूस लहान मुलासारखा रडला. मी त्यांना रडू दिलं. चहा गार झाला तरी बोलले नाही.

तेव्हापासून मी ठरवलं, बाबांचं काम असेल तेव्हा तेवढंच काम करायचं. बाबांसाठी निघायचं तर बाबांसाठीच. गेल्या महिन्यात त्यांच्या चष्म्याचा स्क्रू ढिला झाला. मी म्हटलं, चला, बसवून आणू. दारात चपला घालता घालता त्यांनी विचारलं, "आणखी काय काम?" मी म्हटलं, "काही नाही, चष्माच." त्यांचा हात चपलेच्या बंदावर तसाच राहिला. वर बघून हलकेच म्हणाले, "सूनबाई, रिपोर्ट चांगलाच होता ना? खरं सांग."

मी आत गेले, खुंटीवरची कापडी पिशवी काढली आणि खांद्याला लावली. "अहो बाबा, येताना कोथिंबीर घ्यायचीय, विसरलेच होते!" म्हटलं. बाबांचा चेहरा लख्ख झाला. "तरीच," म्हणाले आणि जिना उतरायला लागले. चष्मा झाला, चौकात बसून दोघांनी चहा घेतला, रमतगमत परत आलो. कोथिंबीर घरात होतीच. आता बाबांना घेऊन निघताना ती पिशवी मी न विसरता घेते, आणि रिकामीच परत आणते.